मेणवली: घाटाआधी वाडा बघा

वाईला येणारे बहुतेक जण ढोल्या गणपतीचं दर्शन घेतात, मेणवलीच्या घाटावर फोटो काढतात आणि पाचगणीची वाट धरतात. नाना फडणवीसांचा वाडा राहूनच जातो. आम्ही आधी वाडा पाहिला, मग मागे कृष्णेवर उतरलो. तुम्हीही तसंच करा. वाड्यातून आलात तरच कळतं की घाट, देवळं आणि घर ही एकच मांडणी आहे.

वाडा सहा चौकी. पेशवाईच्या रीतीप्रमाणे बाहेर कारभार, आत घरची मंडळी. एका चौकातून दुसऱ्यात जाताना उजेड बदलत जातो आणि जाड भिंतींमुळे भर दुपारीही आत गारवा असतो. लाकडी खांबांपाशी जरा थांबा. तळाशी दगडी उथळं, म्हणजे खांबाची बैठक, त्यावर खांब, वर तुळईचा भार. लाकूड थेट जमिनीला टेकत नाही, म्हणून ओल चढत नाही. भित्तिचित्रांचे रंग पुष्कळ उडालेत, तरी रेषा अजून जिवंत आहेत. कृपा करून हात लावू नका, फ्लॅशही नको.

पानिपतातून वाचलेले नाना 1800 साली पुण्यात वारले. त्यांच्या कागदपत्रांचा मोठा साठा, मेणवली दप्तर, याच वाड्यात होता. पुढे तो इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांच्या हाती आला. मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्याने या घराचे उपकार मानावेत, असं मला मनापासून वाटतं.

घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे आणि जवळच्या घुमटीत मोठी घंटा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतली ही चर्चची घंटा. अंगावर 1707 हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. घाईत नजरेतून सुटते, म्हणून चहूबाजूंनी फिरून बघा.

पुण्याहून येताना खंबाटकी घाट उतरला की सुरूर फाट्याला वाईकडे वळायचं. वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटर, धोमच्या रस्त्यावर. एसटीने आलात तर वाई स्थानकावरून रिक्षा करा. वाडा खासगी मालकीचा आहे आणि इथे चित्रीकरणंही होतात, तेव्हा मुद्दाम लांबून येत असाल तर आधी चौकशी करा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, मुलांचा हात सोडू नका. वेळ उरला तर याच रस्त्याने पुढे धोमचं नृसिंहाचं देऊळ गाठा.