उणे सव्वा सेकंद

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज कूलरची टाकी दोनदा भरली. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला आणि घरातही सकाळपासून पंचेचाळीसच चाललेलं. ताईचा मुलगा दहावीची परीक्षा देऊन वर्ध्याहून आलाय, क्लाससाठी. निकाल लागायचाय, पण क्लासवाल्यांचं प्रोजेक्टाइल, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीचा धडा, सुरूसुद्धा झालं. पंचेचाळीस अंशाला पल्ला सर्वांत जास्त, तीस आणि साठला सारखाच, असं घोकत तो हॉलमध्ये येरझारा घालत होता.

दुपारी वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा. "मावशी, माझं उत्तर ३४.६ येऊन राहिलं, मागं ५६ लिहिलं आहे. पुस्तकच चुकलं ना!"

गणित असं: वीस मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून, आडव्या रेषेच्या वर तीस अंशांचा कोन करून, सेकंदाला वीस मीटर वेगानं चेंडू फेकला. जमिनीवर किती दूर पडेल? जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, दहा धरा, हवेचा विरोध धरू नका. (मे महिन्यात नागपुरात बसून हवा धरू नका म्हणे! जी मात्र इथं ९.७९ च्या आसपास, तेवढी सूट चालेल.)

पठ्ठ्यानं पल्ल्याचं सूत्र लावलेलं. वेगाचा वर्ग गुणिले साइन दोन थीटा (थीटा म्हणजे फेकीचा कोन), भागिले जी. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर. पण ते सूत्र चेंडू जिथून निघाला त्याच उंचीवर परत येतो तेव्हाचं. म्हटलं, "बाबू, तुझा चेंडू वीस मीटरवर हवेतच लटकून राहिला. त्याले खाली तर येऊ दे."

मग बसलो दोघं जमिनीवर, पंख्याखाली. उभा वेग १०, आडवा १७.३. उभ्याचं खातं वेगळं, आडव्याचं वेगळं, दोघांत सामाईक फक्त वेळ. एवढी एक गोष्ट कळली की हा अर्धा धडा संपतो, पण ती सांगायच्या आधीच मुलांच्या हातात तीन सूत्रं कोंबतात. गॅलिलिओनं १६३८ च्या ग्रंथात हेच मांडलं: आडवी गती एकसारखी, उभी गती वाढत जाणारी, दोन्ही मिळून पॅराबोला नावाचा वक्र. ग्रंथ छापून आला तोवर त्याचे डोळे गेलेले होते. आमच्याकडे डोळे आहेत आणि आम्ही सूत्र बघतो.

उभ्या खात्यातून आलं: टी वर्ग वजा दोन टी वजा चार बरोबर शून्य. दोन उत्तरं. ३.२४ आणि उणे १.२४. त्यानं सर्रकन दुसऱ्यावर काट मारली. "वेळ निगेटिव्ह नसते."

माझा हात तिथंच थांबला. अकरावीत असताना याच जागी मी सरांना विचारलं होतं, हे उणे कशाचं? "वेळ उणे असते का कधी? बस खाली." सगळा वर्ग हसला. पुढची दोन वर्षं मी काही विचारलं नाही आणि बारावीनंतर कॉमर्सला गेले. सरांमुळेच गेले असं नाही, पण ते हसणं अजून ऐकू येतं.

१७.३ ला ३.२४ नं गुणलं, ५६ आले. त्याचं काम झालं होतं. मी उगाच उणे १.२४ लाही गुणलं. उणे २१.४. आणि ५६ मधून त्याचे ३४.६ वजा केले तर? तेही २१.४! बँकेत पंचवीस वर्षं काढली की सारखा आकडा दोन ठिकाणी दिसला म्हणजे माणूस पेन खाली ठेवत नाही.

वक्र मागे ओढून पाहिला. गच्चीच्या २१.४ मीटर मागे, जमिनीवरून, कुणीतरी सव्वा सेकंद आधीच चेंडू फेकला असता, सेकंदाला २८.३ मीटर वेगानं, जवळपास बावन्न अंशांत, तर तो बरोबर आपल्या क्षणी, आपल्या वेगानं, आपल्या कोनात गच्चीवरून गेला असता. त्या आकड्यांना तेच पल्ल्याचं सूत्र लावलं तर ७७.५ येतात. त्यातून मागचे २१.४ काढा. ५६! म्हणजे पोराचं सूत्र चालत होतंच, फक्त सुरुवात चुकीच्या जागेवरून केली होती.

"पण मावशी, मागून येईल तर बिल्डिंगच्या भिंतीतून येईल ना!"

"समीकरणाला बिल्डिंग कुठं दिसते बे."

तो हसला. भाजी खाली लागली होती, तीच खाल्ली.

संध्याकाळी कूलर भरायला पाइप काढला तेव्हा अंगणात आणखी अर्धा तास गेला. पाइपाचं तोंड जमिनीवर टेकवून, अंगठ्यानं दाबून धार आधी निजती धरली, मग उभट. दोन्ही वेळा त्याच विटेवर पडली. निजती पटकन, उभट वर फिरून सावकाश. मग तो ओट्यावर चढला आणि पाइप कमरेशी धरून पंचेचाळीसचा कोन केला. म्हटलं, आता जरा खाली आण. धार जवळपास वीतभर पुढे गेली! "हे तर चूक आहे," तो म्हणाला, सकाळपासूनचं पाठांतर आठवून. चूक नाही, उंचीवरून फेकलं की पंचेचाळीस सर्वांत लांब राहत नाही. त्यानं चारदा करून पाहिलं. तोवर टाकी कोरडी आणि अंगण थंडगार, शेजारच्या काकू कुंपणावरून पाण्याची नासाडी बघत उभ्या.

आत्ता तो झोपल्यावर वही बघितली. उणे १.२४ वरची काट खोडरबरानं पुसलेली. इमारतीच्या मागे तुटक रेघांचा वक्र काढलाय, भिंतीतून आरपार. आणि उत्तराशेजारी बारीक अक्षरात लिहिलंय: "क्लासमध्ये खोडायचं."