जॅकपॉटचं तिकीट: गुणाकार कुठे होतो आणि कात्री कुठे लागते

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जॅकपॉट लावणाऱ्या पुष्कळांना तिकिटाची किंमत तोंडपाठ काढता येते. पैसे परत कसे येतात हे विचारलं की मात्र गाडी अडते. म्हणून आधी किंमत झटपट उरकू.

जॅकपॉट म्हणजे लागोपाठच्या पाच शर्यतींचे पाच विजेते. पहिल्या शर्यतीत एकच भरवशाचा घोडा (हा आपला बँकर), पुढच्यांत दोन, तीन, दोन आणि चार घेतले, तर 1×2×3×2×4 = 48 ओळी, म्हणजे पाच घोड्यांच्या 48 वेगवेगळ्या जुळण्या. ओळीला 10 रुपये धरले, तर 480 रुपये. तिसऱ्या शर्यतीत आणखी एक घोडा ‘सोबत असू दे’ म्हणून घातला की ओळी 64 होतात. बँकर मोडून दोन घोडे केले, तर थेट दुप्पट, 96.

पाचही घोडे आले, तर या 48 ओळींपैकी पाचही बरोबर असते फक्त एक. तिला किती मिळणार हे घोड्यांच्या भावावर थेट ठरत नाही, पूलवर, म्हणजे सगळ्यांनी लावलेल्या एकूण रकमेवर ठरतं. समजा पूल 10 लाखांचा आहे आणि क्लबची वजावट 20 टक्के आहे. वाटायला 8 लाख उरले. त्यातले 70 टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार, पाचही बरोबर असणाऱ्यांना जातात आणि 30 टक्के चार बरोबर असणाऱ्यांना. पाचही शर्यतींत फेव्हरिट, म्हणजे सर्वाधिक पैसे लागलेले घोडे आले आणि 800 तिकिटं जिंकली, तर एका तिकिटाला 700 रुपये. 480 खर्चून 700! दोनच तिकिटं जिंकली, तर प्रत्येकी 2 लाख 80 हजार. त्यामुळे पाचही फेव्हरिट घेऊन जॅकपॉट लावणं मला तरी निरर्थक वाटतं. निदान एका शर्यतीत गर्दीपेक्षा वेगळं मत हवं.

30 टक्क्यांकडे लोक दुर्लक्ष करतात. वरच्या तिकिटात चार घोडे घेतलेली शर्यतच हुकली, बाकीच्या सगळ्या लागल्या, तर चार ओळींत चार बरोबर येतात, म्हणजे तो छोटा डिव्हिडंड (वाट्याला येणारी रक्कम) चार वेळा. बँकर पडला, तर एकदाच.

आता बुकींच्या रिंगकडे. तिथे तीन घोडे जोडून लावले की भाव एकमेकांत गुणले जातात. मूळ रकमेसकट एका रुपयाला 2, 2.5 आणि 4 असे भाव असतील, तर 100 रुपयांचे 2,000. इथे गंमत अशी की बुकीचा नफाही सोबत गुणला जातो. एका शर्यतीत पाच घोड्यांचे भाव 2, 4, 5, 10, 20 आहेत असं समजा. प्रत्येकाने 100 ला भागलं, तर 50, 25, 20, 10, 5, बेरीज 110. ती 100 च्या वर जेवढी, तेवढी बुकीची कात्री. म्हणजे 100 रुपयांमागे सरासरी 91 परत. अशा तीन शर्यती जोडल्या की 75, पाच जोडल्या की 62. टोटच्या (क्लबच्या पूलच्या) जॅकपॉटमध्ये पाच शर्यतींसाठी वजावट एकदाच होते, त्यामुळे वर धरलेली 20 टक्के जड दिसली, तरी पाचांच्या जोडीत ती स्वस्त पडते. पाचही कोणालाच लागले नाहीत आणि रक्कम पुढच्या दिवशी ढकलली गेली, तर त्या दिवशी पूलमध्ये आयते पैसे असतात. जॅकपॉटचा विचार करायचा तर तेव्हाच.

बुकीकडे जोडलेले ते तिन्ही घोडे लागायलाच हवेत ही अट नको असेल, तर दोन-दोन घोड्यांच्या तीन जोड्या आणि एक तिहेरी असे चार डाव लावतात. प्रत्येकी 100, एकूण 400. 4 भावाचा घोडा पडला, तर उरलेल्या जोडीचे 500 येतात, फायदा फक्त 100. दोन पडले, तर शून्य.

एकाच शर्यतीतल्या जोडीला हा गुणाकार चालत नाही. पहिले दोन क्रमाने सांगायचे ते फोरकास्ट, कसेही चालतील ते क्विनेला. एका घोड्याची जिंकायची शक्यता 45 टक्के, दुसऱ्याची 20. पहिला जिंकला, तर दुसऱ्या नंबरासाठी उरलेल्या 55 मध्ये याचे 20, म्हणजे 36 टक्के. 45 टक्क्यांचे 36 टक्के, साधारण 16. उलट क्रम धरला, तर 11. म्हणून क्विनेला अंदाजे 27-28 टक्के. तानालात पहिले तीन क्रमाने हवेत: चार घोडे सगळ्या क्रमांनी लावले, तर 24 ओळी, पाच लावले तर 60.

या सगळ्या गणितात कर धरलेला नाही. लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के आहे. जिंकलेली रक्कम 10,000 च्या वर गेली की 30 टक्के टीडीएस कापूनच हातात येते. आणि आयकर भरताना हरलेल्या तिकिटांचा खर्च त्यातून वजा करता येत नाही, त्यामुळे तिकिटांचा गठ्ठा जपून ठेवण्यात काही अर्थ नाही.