कॅम्परच्या स्टिरिओतली शिट्टी आणि माझे साडेतीन आठवडे

आधीच सांगतो, गाडीत ॲम्प्लिफायर बसवल्यावर दुकानातून निघण्याआधी इंजिन सुरू करून ऐका. गाणं लावू नका. आवाज शून्यावर ठेवा आणि ॲक्सिलरेटर दाबा. मी हे केलं नाही. दुकानात गाडी बंद ठेवून मला दोन गाणी ऐकवली, मी खूश होऊन पैसे दिले आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलो तेव्हा मुलगी मागून म्हणाली, "बाबा, गाडीत डास आहे का?"

डास नव्हता. चारही स्पीकरमधून बारीक शिट्टी येत होती. ॲक्सिलरेटर दाबला की ती वर चढायची, सोडला की खाली यायची.

गाडी म्हणजे आमची मारुतीची ईको व्हॅन. मागची सीट काढून पलंग, छोटं कपाट, पलंगाखाली १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. गाडी चालताना ती इंजिनच्या बाजूने चार्ज व्हावी म्हणून २० अँपिअरचा डीसी चार्जर. हे सगळं दोन वर्षांपूर्वी मीच केलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता. (होता, हे लक्षात ठेवा.) जुना डेक, म्हणजे डॅशबोर्डमधला गाणी लावायचा डबा, मात्र गाडीच्या मूळ बॅटरीवर चालायचा. गंगापूर धरणाच्या काठावर रात्री दोन तास गाणी ऐकली आणि सकाळी सेल्फ लागेना, तेव्हा ठरवलं की सगळा स्टिरिओ नव्याने करायचा आणि मागच्या बॅटरीवर घ्यायचा.

सामान आणणं, दारांना भोकं पाडणं, स्पीकर बसवणं यात सांगण्यासारखं काही नाही. चार चॅनेलचा ॲम्प (ॲम्प्लिफायर), म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॅट. डेकच्या खोक्यावर '५० गुणिले ४' छापलेलं असतं त्याला भुलू नका, तो क्षणभराचा आकडा. डेक सलग देतो तो साधारण वीसेक वॅट, म्हणून तर वेगळा ॲम्प.

वायरिंग दुकानाने केलं. डेकच्या मागे पिवळी वायर कायमच्या करंटची असते, तिच्यावर घड्याळ आणि सेटिंग टिकतं. लाल वायर किल्लीची. काळी अर्थ, म्हणजे उणे, गाडीच्या पत्र्याला जाणारी. निळी-पांढरी ॲम्पला जागं करते. कारागिराने पिवळी आणि लाल एकत्र पिळून वर काळी टेप मारली होती. कपलर नाही, सोल्डर नाही. नाशिकच्या उन्हात ती टेप एका महिन्यात चिकट होऊन सुटते. मी ते सोडवून पिवळी सरळ मागच्या बॅटरीवर घेतली आणि लाल पलंगाशेजारच्या एका बटणावर. आता किल्ली खिशात असली तरी गाणी चालतात.

तर शिट्टी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात. मालक म्हणाले, "साहेब, डायनॅमोचा आवाज आहे, सगळ्यांनाच येतो." मग साडेसहाशे रुपयांचा नॉइज फिल्टर लावला. शिट्टी थोडी जाड झाली, गेली नाही. तिसऱ्या खेपेला ॲम्पचा बोर्ड खराब ठरला. ॲम्प ठेवून घेतला, "परवा या." परवा गेलो तर कारागीर गावी गेलेला. त्याच्यानंतर गेलो तर दुसरा ॲम्प लावून दाखवला, त्यातूनही तीच शिट्टी, तरी निष्कर्ष काय, तर "तुमच्या गाडीचा डायनॅमोच बदला." पाथर्डी फाट्यावरून पाच खेपा झाल्या आणि पाच वेळा द्वारका. या सगळ्यात एकाही माणसाने व्होल्ट मोजायचा मीटर हातात घेतला नाही. मला राग शिट्टीचा नाही, याचा आहे.

मग घरीच बसलो. डेकचा सिग्नल ॲम्पमध्ये आणणाऱ्या लाल-पांढऱ्या आरसीए पिना काढल्या, गाडी सुरू केली. स्पीकर शांत. म्हणजे ॲम्पच्या पॉवरमधून काही येत नव्हतं, जे येतंय ते सिग्नलच्या वायरीतून. मोबाइल थेट ॲम्पला जोडला, चार्जरला न लावता. तरी शांत, गाणं स्वच्छ. डेक जोडला की शिट्टी. मी मनात म्हटलं, डेक खराब. दुकानात फोन केला तर ते म्हणाले, "बघा, आम्ही तेच म्हणत होतो." ते असं कधीच म्हणाले नव्हते.

रविवारी मेहुणा जेवायला आला. तो अंबडला एका पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात वायरिंग बघतो. नाशिकमध्ये प्रत्येक घरात असा एक तरी माणूस सापडतो, पण मला तो आधी आठवला नाही. त्याने जेवणाआधी एकच प्रश्न विचारला, "भाऊजी, अर्थ किती ठिकाणी दिलाय?"

डेकची काळी वायर दुकानाने डॅशबोर्डमागच्या एका बोल्टला दिली होती. ॲम्पची निगेटिव्ह पलंगाखालच्या बॅटरीवर. आणि त्या बॅटरीची निगेटिव्ह सीटच्या ब्रॅकेटवर, गाडीच्या बॉडीला. तो म्हणाला, आमच्याकडे सगळ्या अर्थ एका बारवर येतात, वेगवेगळ्या बोल्टवर गेल्या तर साहेब पॅनल परत पाठवतो.

त्याने मीटर लावला. एक पिन मागच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी बॉडीच्या खरवडलेल्या पत्र्यावर. गाडी बंद, जवळपास शून्य. गाडी सुरू केली आणि आकडा ०.४१ व्होल्टवर जाऊन बसला. डीसी चार्जरचा स्विच बंद केला. आकडा खाली, आणि त्याच क्षणी शिट्टी गायब. मी तीन आठवडे ज्या आवाजाच्या मागे होतो तो एका स्विचवर बंद झाला. मुलीने टाळ्या वाजवल्या.

हिशोब सोपा निघाला. चार्जर ओढतो ते साधारण २० अँपिअर मागच्या बॅटरीच्या निगेटिव्हवरून बॉडीत आणि तिथून इंजिनकडे परत जातात. वाटेतला जोड कच्चा असेल, म्हणजे जेमतेम ०.०२ ओहम, तरी वीस गुणिले तेवढं म्हणजे ०.४ व्होल्ट. डेकला वाटतं शून्य इथे आहे, ॲम्पला वाटतं तिथे. तो फरक आरसीए वायरीच्या बाहेरच्या जाळीतून वाहतो, त्यात अल्टरनेटरची (दुकानवाल्यांच्या भाषेत डायनॅमोची) थरथर मिसळलेली असते, आणि ॲम्प ती इमानाने मोठी करून ऐकवतो.

सीटचा ब्रॅकेट उघडला. बोल्टखाली कारखान्याचा रंग जसाच्या तसा होता. लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, पकडीने दाबून क्रिम्प करायचा, तो हातोडीने चेपलेला. वायर ब्लेडने तासली तर वरचा तांब्याचा मुलामा निघून आत पांढरी तार दिसली. ॲल्युमिनियम. हा जोड दुकानाचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी मीच केलेला होता. दुकानाला हे अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही, कारण मीटर त्यांनीही लावला नव्हता.

मेहुण्याने सोमवारी १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची हातभर वायर आणि योग्य लग आणले. ब्रॅकेटचा रंग सँडपेपरने चकचकीत पत्र्यापर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. डेकची काळी वायर डॅशबोर्डवरून सोडवून मागे आणली आणि ॲम्पच्याच बिंदूवर दिली. गाडी सुरू, चार्जर सुरू, मीटरवर ०.०२. आवाज पूर्ण चढवला, गाणं न लावता. फक्त इंजिनची घरघर, तीही सीटखालून, जिथून ईकोची यायलाच हवी.

वायर घ्यायला जाल तेव्हा ब्लेड खिशात ठेवा आणि टोक तासून बघा. आणखी एक, ॲक्सेसरीजवाले गेजमध्ये बोलतात आणि पॅनलवाले स्क्वेअर एमएममध्ये. गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक. ८ गेज म्हणजे साधारण ८ स्क्वेअर, पण ४ गेज म्हणजे २१. माझा एक चुकीचा गुंडाळा यातच गेला.

फ्यूजचं राहिलंच. ॲम्पच्या पॉझिटिव्ह वायरीला फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, ॲम्पजवळ नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, ॲम्पसाठी नव्हे. माझा ३० अँपिअरचा आहे. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं घाला. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते, विचार करायला वेळ देत नाही.

दोन स्पीकर उलट जोडले गेलेत असं वाटलं तर पेन्सिल सेल घ्या. स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा. सेलची अधिक बाजू स्पीकरच्या अधिक वायरीवर असताना पडदा बाहेर यायला हवा. माझा मागचा उजवा आत जात होता. वायरी बदलल्यावर बास अचानक भरला. काळी पट्टी असलेली वायर उणे, एवढं कारागिराने पाहिलं असतं तरी पुरे होतं.

साडेसहाशेचा फिल्टर डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून आहे, दुकान परत घेत नाही. परवा त्र्यंबकला जाऊन आलो, शिट्टी नाही. पण सत्तरच्या पुढे गेलं की मागच्या डाव्या स्पीकरच्या बाजूने कुरकुर येते. वायरिंगची नाही, पत्र्याची आहे. येत्या रविवारी बघू.