पांढऱ्या पेशींच्या मागे

मी दहावी झाले 1983 साली. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक मोंतानिए यांच्या गटाने एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीतून नवा विषाणू वेगळा केला. पुढे त्याला एचआयव्ही हे नाव पडले आणि माझी सगळी नोकरी त्याच्या मागे गेली. तेव्हा मात्र डोक्यात मार्कांखेरीज काही नव्हते.

शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता आणि कपाटाची किल्ली जीवशास्त्राच्या सरांच्या खिशात. रक्ताच्या धड्याला त्यांनी आमच्याच बोटांना सुई टोचली, थेंब काचपट्टीवर पसरला, रंग दिला आणि रांगेने बघायला लावले. ढीगभर तांबड्या पेशींत एखादीच जांभळ्या केंद्रकाची पांढरी पेशी. "तीच राखण करते," सर म्हणाले. सुई सगळ्यांना एकच, दर वेळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेली. आज कुणा शिक्षकाने असे केले तर पहिली तक्रार मीच करीन. पण पांढऱ्या पेशीचे वेड लागले ते त्याच सुईने.

मी कॉलेजात असताना हा विषाणू भारतात सापडला. 1986 मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे, म्हणजे आपल्याच) आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी तो शोधला. 1992 मध्ये पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. काही वर्षांनी मी तिथे, भोसरीला लागले. मावशी माझ्यासाठी स्थळे बघताना 'मुलगी रक्ततपासणीच्या खात्यात आहे' एवढेच सांगायची.

तसे खोटे नव्हते. सकाळी आलेले रक्त पातळ करून फायकॉल नावाच्या दाट द्रावावर नळीच्या कडेने थेंबथेंब सोडायचे. हात हलला, दोन्ही मिसळले, की नमुना गेला. मग नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवायची. बाहेर काढल्यावर तांबड्या पेशी तळाला, पिवळसर प्लाझ्मा वर आणि मधे पांढऱ्या पेशींची धुरकट कडी. ती पिपेटने अलगद उचलायची.

तिच्यातल्या सीडी4 पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या कारभारी. निरोगी माणसात घनमिलिमीटरला साधारण 500 ते 1500. एचआयव्ही नेमका त्यांच्यातच शिरतो. चोराने गावात येऊन आधी पोलीसपाटलालाच फितवावे, तसा. लस का होत नाही, असे लग्नाकार्यात मला हमखास विचारतात. त्याचे अर्धे उत्तर हे. उरलेले अर्धे असे, की स्वतःची नक्कल करताना हा विषाणू सतत चुका करतो आणि त्याचे बाहेरचे रूप पालटत राहते. शरीराने केलेली प्रतिपिंडे कालचे रूप ओळखतात, आजचे नाही. त्यातून आपल्याकडे मुख्यतः 'सी' उपप्रकार, तर सुरुवातीचे बरेचसे संशोधन अमेरिका-युरोपातल्या 'बी'वर झालेले.

2005 मध्ये एचआयव्ही लसीची देशातली पहिली मानवी चाचणी आमच्याच संस्थेत झाली. 'एड्सची लस' म्हटल्यावर घरीदारी काय विचारतील हे ठाऊक असून 30 निरोगी माणसे पुढे आली, याचे मला आजही अप्रूप वाटते. लस सुरक्षित ठरली, पण हवी तेवढी प्रतिकारशक्ती काही तयार झाली नाही.

यश आले ते भलतीकडूनच. नऊ देशांतल्या 1763 जोडप्यांचा एक अभ्यास झाला, त्यात पुणे आणि चेन्नईही होते. जोडप्यातल्या एकाला लागण, दुसऱ्याला नाही. विषाणूला दाबून ठेवणारी औषधे लवकर सुरू केली तर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, असे 2011 मध्ये दिसले. आपल्याकडे 1 एप्रिल 2004 पासून सरकारी रुग्णालयांत ही औषधे मोफत मिळू लागली होती, पण त्यासाठी बहुतेकांना सीडी4 200च्या खाली घसरेपर्यंत थांबावे लागे. 2017 पासून निदान झाले की लगेच गोळ्या. लसवाले आम्ही जरा खट्टू झालो, खोटे कशाला बोला.

गोळ्या थांबवल्या मात्र, की विषाणू पुन्हा डोके वर काढतो. काही स्मृतिपेशींच्या, म्हणजे जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, गुणसूत्रांत तो वर्षानुवर्षे निपचित पडलेला असतो. अशी पेशी दहा लाखांत जेमतेम एखादी; माझे विद्यार्थी सध्या तिच्या शोधात आहेत. यंत्रे कितीतरी सुधारली, पण फायकॉलवर रक्त अजून हातानेच सोडतो आणि नव्या मुलांचे पहिले दोन-चार नमुने अजूनही वाया जातात.