पहिलं घड्याळ, रोजचं

आज अखेर ठरलं. तासभर एकेक घड्याळ मनगटावर चढवून पाहिलं. ४२ मिमीचं फोटोत फार देखणं वाटायचं, पण घातल्यावर त्याचे लग्ज, म्हणजे पट्टा अडकतो ती टोकं, मनगटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. नुसता व्यास बघून चालत नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी बघावी लागते. ३८ मिमीचं मात्र बाहीखाली अलगद सरकलं.

बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ की आपोआप चावी भरली जाणारं ऑटोमॅटिक, यावर महिनाभर घोळ चालला होता. अचूक वेळ हवी तर क्वार्ट्झच. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, महिन्याला जेमतेम काही सेकंदांचा फरक. ऑटोमॅटिक एका दिवसातच तेवढं मागेपुढे होतं, शिवाय दर काही वर्षांनी सर्व्हिसिंग. तरी मी तेच घेतलं. मागच्या काचेतून बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची लय धरणारं चाक, थरथरताना दिसलं, कानाशी धरलं तर सेकंदाला ८ ठोक्यांची बारीक किरकिर... बॅटरी नाही, माझ्याच हाताच्या हालचालीवर चालणार!

काच सफायरची, त्यामुळे किल्ल्यांचे ओरखडे पडायची भीती नाही. १०० मीटर वॉटर रेझिस्टन्स आहे, पावसात काढून ठेवायला नको.

आत्ता उशाशी ठेवलंय. दिवा मालवला तरी काटे हिरवे चमकतायत.