घोड्यांच्या गावातली इंग्रजी

न्यूमार्केट हे इंग्लंडमधल्या सफोक काउंटीचं छोटंसं गाव. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळापासून शर्यतींसाठी प्रसिद्ध. सकाळी शर्यतीचे घोडे रांगेने वॉरन हिलच्या चढाकडे सरावाला निघतात आणि मोटारी त्यांच्यासाठी थांबतात. घोड्यांच्या क्रॉसिंगवर सिग्नलचं एक बटण वर बसवलेलं असतं, स्वाराच्या हाताला लागेल असं. शाळेत आपण इंग्रजीचे जे वाक्प्रचार पाठ केले, त्यातले कितीतरी इथे रोजच्या कामाचे शब्द आहेत. मला या गावाचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते याचंच.

'नेक अँड नेक' घ्या, म्हणजे अगदी बरोबरीची चुरस; यातला 'नेक' म्हणजे मान. शर्यतीच्या निकालात नाक, शॉर्ट हेड, डोकं आणि मान ही अंतराची अधिकृत मापं आहेत. सगळ्यात कमी अंतर नाकाचं. मे महिन्याच्या सुरुवातीला इथल्या रोली माइल मैदानावर टू थाउजंड गिनीज ही शर्यत होते. ही शर्यत १८०९ पासूनची, आणि तिच्याच नावाची भारतीय शर्यत मुंबईत महालक्ष्मीला धावते. तिथला निकालसुद्धा मानेने, डोक्यानेच सांगतात.

उंचीचं माप म्हणजे 'हँड'. आपला हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्या हिशेबाने सोळा हातांचा घोडा दुमजली घराएवढा भरेल! इथला हँड म्हणजे तळव्याची रुंदी. आठव्या हेन्रीच्या काळात कायद्याने ती ४ इंच ठरली. माप घ्यायचं ते मान पाठीला मिळते तिथल्या उंचवट्यापर्यंत. घोडा १५.२ आहे म्हणजे १५ हँड आणि वर २ इंच. त्यामुळे १५.३ नंतर थेट १६ येतात.

पण मी खरी रमले ती दातांत. आमच्या शेजारच्या बाई आयुष्यभर तबेल्यात राबल्या. त्यांनी एकदा एका निवृत्त घोडीचा वरचा ओठ अंगठ्याने अलगद उचलून मला दात दाखवले. कडेच्या दातावर उभी तपकिरी खाच होती. ही खाच घोडा दहा वर्षांचा झाला की हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्या वर्षी दाताच्या मध्यापर्यंत येते आणि विसाव्या वर्षी टोकाला पोचते. या घोडीची मध्याच्या थोडी खाली गेली होती. "सोळा-सतरा," बाई म्हणाल्या. कागद काढून पाहिला तर सतरा. वय वाढलं की हिरड्या मागे सरतात, दात लांब दिसतात आणि पुढे झुकतात. माणूस म्हातारा झाला की इंग्रज त्याला 'लाँग इन द टूथ' म्हणतो, ते यावरूनच.

साताऱ्याकडच्या माणसाला हे नवं नाही. माझे मामा बैलबाजारात जबडा उघडल्याशिवाय किमतीचा शब्द काढत नसत. दुधाचे दात पडले नसतील तर आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, आणि सगळे आले की बैल जुळला. बैलगाडा शर्यतीत आजही याच नावांचे गट असतात. भेट मिळालेल्या घोड्याचं तोंड पाहू नये, असं इंग्रज म्हणतात. आपण म्हणतो, धर्माची गाय आणि दात का नाय. जनावराचे दात बघून पैसे मोजणारी माणसं दोन्हीकडे होती, म्हणून म्हणही दोन्हीकडे झाली. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आदत, दुसा, चौसा हे शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले आणि बैलाचा चौसा कितव्या वर्षी होतो ते विचारलं. मी मामांना फोन लावला. मामांनी उत्तर दिलं आणि लगेच उलट विचारलं, घोडीची खाच वरच्या जबड्यात बघायची की खालच्या? वरच्या, बाई म्हणाल्या. पुढचा अर्धा तास मी दुभाषी होते.

शेवटचा वाक्प्रचार 'हँड्स डाउन'. सहज जिंकलेल्याला हे म्हणतात. पुढचा घोडा फार लांब निघून गेला की जॉकीला तो रेटावा लागत नाही. लगाम धरलेले हात तो खाली सोडतो, घोडा आपल्या चालीने रेषा ओलांडतो. पण हात लवकर सोडले आणि मागच्याने नाकाने गाठलं, तर जॉकीवर बंदीची शिक्षा होते. मला हा नियम फार रास्त वाटतो. घोड्याने जीव तोडून मिळवलेली शर्यत वर बसलेल्याच्या निष्काळजीपणाने जाऊ नये.