मिठाचे पाणी आणि तापमापकाची जागा : पावसाळ्यातील नोंदी

पाण्यात मीठ विरघळवले की त्याचा उत्कलनबिंदू, म्हणजे उकळण्याचे तापमान, वाढतो; पण घरी मोजणी करणाऱ्या आपल्यापैकी काहींना ही वाढ दिसलीच नाही. पणजीच्या घरी मागच्या ओसरीवर गेले तीन महिने माझीही ही मोजणी सुरू आहे. एक लिटरचा काचेचा चंबू, ०.१ अंशाच्या खुणांचा पाऱ्याचा तापमापक आणि फोनमधील दाबमापक एवढ्या सामग्रीवर काम भागते.

आषाढातील एका मुसळधार दुपारी शुद्ध पाण्याच्या वाफेत पारा ९९.७ वरच थांबला, तेव्हा माझा पहिला संशय तापमापकावर गेला. परंतु त्या दिवशी हवेचा दाब १००४ हेक्टोपास्कल होता आणि १०० अंशांचा आकडा १०१३.२५ हेक्टोपास्कलांसाठी आहे. द्रवाचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, बाहेरच्या दाबाइतका झाला की द्रव उकळतो. त्यामुळे दाब एक हेक्टोपास्कल उतरला की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे ०.०२८ अंश खाली येतो. नऊ हेक्टोपास्कलांना पाव अंश, असा हिशेब जुळला. श्रावणात चोर्ला घाटात, सुमारे ८०० मीटर उंचीवर, ९७.३ ही नोंद मिळाली. वाऱ्यामुळे स्टोव्ह सांभाळणे मात्र कठीण गेले.

स्वच्छ काचेत पाणी उकळताना एक काळजी घ्यावी. बुडबुडा धरायला खडबडीत जागा नसली की पाणी उत्कलनबिंदूच्या वर तापूनही निश्चल दिसते आणि मग एकाएकी उसळी घेते. माझ्या हातावर शिंतोडे उडाल्यापासून मी जुन्या कौलाचे चार बारीक तुकडे आधीच टाकतो. त्यांच्या छिद्रांतून बुडबुड्यांच्या सरी एकसारख्या निघत राहतात.

खरा गुंता मिठाने केला. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवून वाफेत तापमापक धरला, तर पारा ९९.९ वर, म्हणजे त्या दिवशी शुद्ध पाण्यासाठी आलेल्या आकड्यावरच राहिला. दोनदा मीठ पुन्हा तोलले. शेवटी तापमापकाचा फुगा, म्हणजे खालचा पाऱ्याचा गोळा, द्रावणात बुडवला आणि पारा १०१.६ वर चढला. मीठ वाफेबरोबर येत नाही. फुग्यावर जे थेंब जमतात ते निव्वळ पाण्याचे असतात, आणि वाफेतला तापमापक त्या थेंबांचेच तापमान दाखवतो. १७७७ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल सोसायटीच्या समितीने तापमापकावरील उत्कलनबिंदूची खूण वाफेत करावी असे सुचवले होते. खूण करण्यासाठी ती जागा उत्तम, परंतु द्रावणाचा उत्कलनबिंदू हवा असेल तर फुगा द्रावणातच, तळाला न टेकवता, बुडवला पाहिजे. आपल्यापैकी ज्यांना मिठाचा परिणाम दिसलाच नाही, त्यांनी आधी ही जागा तपासावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

डाळीत मीठ घातल्याने ती अधिक तापून लवकर शिजते, हा समज मात्र या मापात टिकत नाही. लिटरला दहा ग्रॅम मिठाने उत्कलनबिंदू ०.२ अंशही वाढत नाही. कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास पोचते, ते वाढलेल्या दाबामुळे.

आता मिरामारच्या समुद्राचे पाणी मोजायचे आहे. पावसाळ्यात मांडवीच्या गोड्या पाण्याने तिथला खारेपणा उतरतो, म्हणून कार्तिकापर्यंत थांबणार आहे. किलोला ३५ ग्रॅम क्षार धरले तर वाढ अर्ध्या अंशाहून किंचित अधिक यावी, आणि तेवढी वाचण्यास माझा तापमापक पुरेसा आहे.